काबरीला थंडी वाजत होती

या, अशा जवळ येऊन बसा. शाल असेल तर नीट ओढून घ्या, कारण गोष्ट सांगायची आहे ती थंडीतली आहे. राजाची नाही, देवादिकांची नाही. आमच्या गल्लीतल्या एका घरची आहे आणि त्या घरच्या कोंबड्यांची आहे. कोंबड्यांची कसली गोष्ट, असं मनात आणू नका. कीर्तनात बुवा मुंगीपासून सुरुवात करतात आणि ऐकणाऱ्याला वैकुंठाला नेऊन पोचवतात. माझी धाव काही तेवढी नाही. मी तुम्हाला एका परसदारापर्यंत नेईन, आणि तिथं जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगेन.

बडोद्याहून पादरा गावाकडे निघालं की रस्त्यापासून थोडं आत आमचं गाव. माती गोराडू, म्हणजे भुरकट, मऊ, रेताड. भाजी पिकते, तूर पिकते, बांधाबांधाला एरंड. गाव पटेलांचं, पण एका कडेला आम्हा मराठ्यांची थोडी घरं आहेत. कुणाचे आजे-पणजे संस्थानच्या चाकरीत आले, कुणी रेल्वेच्या नोकरीपायी आला आणि इथलाच झाला. लोक आमच्या गल्लीला मराठा फळिया म्हणतात. घरात आम्ही मराठी बोलतो, उंबऱ्याबाहेर गुजराती, आणि भांडण जुंपलं की दोन्ही. फळियाच्या तोंडाशी विठोबाचं लहानसं देऊळ आहे. एकादशीला तिथं कीर्तन असतं.

त्या कीर्तनात बुवांच्या मागं उभे राहून झांजा वाजवणारे ते भास्करराव. रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते, रिटायर झाले आणि देवळाचेच झाले. गळ्यात तुळशीची माळ. बुवांनी करुण प्रसंग लावला की बुवांच्या आधी यांचे डोळे भरायचे. झांज वाजवता वाजवता खांद्याला गाल पुसायचे, पण ताल चुकायचा नाही. माणूस मऊ, अगदी लोण्यासारखा. त्यांची बायको मंदावहिनी. खानदेशातली, साक्रीकडची. ती मात्र खडखडीत. तिनं चार घरं ओलांडून हाक मारली तरी भाकरी करपायच्या, इतकी माणसं दचकायची.

कोंबड्या होत्या मंदावहिनींच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा आईनं दिलेली एक जोडी टोपलीत घालून आणली होती, तिचीच पुढं वेल वाढली. भास्कररावांनी माळ घातली तेव्हा घरात या कोंबड्यांवरून मोठी तणतण झाली होती. वहिनींनी एका वाक्यात मिटवली.

"तुमची माळ तुमच्या गळ्यात ऱ्हाऊ द्या, माझ्या कोंबड्या माझ्या परसात ऱ्हातीन."

शेवटी ठरलं असं, की कोंबड्या राहतील, पण या घरात सुरी चालणार नाही. अंडी फळियातल्या लेकुरवाळ्यांना जातील, आणि एकादशीला घातलेलं अंडं कुणी उचलायचं नाही, ते उबवणीलाच ठेवायचं. वहिनींनी ते पाळलं. त्यांच्या कोंबड्या म्हाताऱ्या होऊन, आंधळ्या होऊन मरायच्या. फळियातले लोक त्या परसाला कोंबड्यांचा पांजरापोळ म्हणायचे. वहिनी म्हणायच्या, म्हणू द्या, तुम्ही म्हातारे झाल्यावर तुम्हालाही ठेवून घेईन.

कुंपणापलीकडे काशीबेन पटेल. विधवा बाई, दोन म्हशी, अंड्याचं नाव काढलं तरी नाकाला पदर. तिचं आणि वहिनींचं भांडण हा फळियाचा रोजचा कार्यक्रम होता. कोंबड्या कुंपणाखालून काशीबेनच्या कोथिंबिरीत शिरायच्या आणि मग दोन्हीकडून तोफा सुटायच्या. पण काशीबेनला ताप आला की पेज घेऊन जायच्या त्या वहिनीच.

तर असं चाललेलं असताना, हे गेल्याच्या गेल्या सालचं सांगतो, दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुपातल्या कण्या टाकता टाकता मंदावहिनी परसात कोसळल्या. कोंबड्या त्यांच्या हाताभोवती दाणे टिपत राहिल्या. त्यांना काय कळणार. दवाखान्यातून वहिनी परत आल्या त्या उजवं अंग आणि बोलणं तिथंच ठेवून. लकवा.

मुलगा मयंक बडोद्यात, मांजलपूरला फ्लॅटमध्ये राहतो. पोरगा चांगला, सून अवंतीही चांगली. त्यांनी आईला तिकडं नेलं. चौथा मजला, लिफ्ट, पंखा, सगळी सोय. पण वहिनी भिंतीकडं तोंड करून पडल्या त्या पडल्याच. अवंतीनं भरवलं तर एखादा घास, तोही तोंडातच फिरवत ठेवायच्या. आवाज म्हणाल तर श्वासाचासुद्धा नाही. दिवाळी गेल्यावर मयंकच म्हणाला, पप्पा, आईला घरी घेऊन जाऊ या, इथं ती माझ्याकडंही बघत नाही.

घरी आणलं आणि परसदाराशी खाट टाकली, ऊन यावं म्हणून. कोंबड्या आधी लांबून बघत होत्या. मग एक काबरी होती, म्हातारी, ठिपक्याठिपक्यांची, ती पुढं आली आणि खाटेच्या कडेवर चढून बसली. मी त्या वेळी माझ्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होतो. भास्करराव अनवाणी पळत आले.

"अण्णा, ती बोलली."

"काय बोलल्या?"

"कोंबड्यांना बोलावलं."

मी जाऊन पाहिलं. मंदावहिनी धडधाकट असताना "आ, ती ती ती ती" अशी एक हाक मारायच्या, आणि सगळं परस पायाशी गोळा व्हायचं. त्या हाकेतला एक तुकडा त्यांच्या वाकड्या झालेल्या तोंडातून येत होता. "ती." मग बराच वेळ काही नाही. मग परत, "ती." काबरी मान तिरपी करून ऐकत होती. भास्करराव दाराच्या चौकटीला धरून उभे होते आणि त्यांचा गाल खांद्याला घासत होता.

डॉक्टरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, जो आवाज निघतो तोच धरून ठेवा. रोज काढू द्या. त्याच्या मागून दुसरे येतील. पण हा थांबला तर पुन्हा येईलच असं मी सांगू शकत नाही.

म्हणजे सगळं कोंबड्यांवर आलं. बायकोचा शब्द त्या कोंबड्यांच्या चोचीत होता म्हणा ना. आणि भास्कररावांना कोंबड्यांतलं काही कळत नव्हतं. जन्मात त्यांनी कोंबडीला हात लावलेला नव्हता. अंडं उचलायचं तर आधी पंच्याचं टोक हाताला गुंडाळायचे. पुढं पुढं तो पंचा गळून पडला. पहाटे आंघोळीआधी खुराडं झाडायचे, राख पसरायचे, मग आंघोळ, मग देवपूजा. आधी काय आणि नंतर काय याचा घोळ त्यांच्या देवानंही चालवून घेतला असणार.

दाणे टाकायला उभे राहायचे ते आरतीला उभं राहावं तसे ताठ. आणि हाक मारायचे ती झांजेवरच्या आवाजात, वरच्या पट्टीत. कोंबड्या घाबरून थेट काशीबेनच्या कोथिंबिरीत.

काशीबेन कुंपणावरून म्हणाली, "भास्करभाई, आ कोंबड्या छे, श्रोते नथी. तुम्ही गाता नि त्या उठून जातात."

वहिनींच्या तोंडाची डावी बाजू हलली. हसल्या त्या. त्या दिवशी भास्करराव ती गोष्ट सगळ्या फळियाला सांगत फिरले, जसं काही त्यांची थट्टा झाली नव्हती, सत्कार झाला होता.

मार्गशीर्ष सरेपर्यंत त्यांना पुष्कळ जमायला लागलं. कुठली अंड्यावर आली, कुठली खुडूक होऊन अंडी उबवायला बसणार, कुणाला खुराड्यात वरची काठी लागते, हे ओळखू लागले. चुकलं की वहिनी डाव्या हाताची बोटं खाटेवर आपटायच्या. आणि त्यांची ती "ती" आता दोनदा, तीनदा लागोपाठ यायला लागली. "ये" यायला लागलं. एकदा काबरीकडं बघून "का" असं आलं. भास्करराव मला म्हणाले, अण्णा, बघा, शिवरात्रीपर्यंत मला शिव्या द्यायला लागेल. इतक्या आशेनं शिव्यांची वाट पाहणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही.

मग पौष आला.

तुम्ही म्हणाल, गुजरातेत कसली थंडी. त्या साली होती. उत्तरेकडचा वारा सुटला तो थांबेचना. मध्येच मावठं पडलं, दोन दिवस भुरभुर पाऊस आणि मग आभाळ निवळून थंडी दुप्पट. एरंडाची पानं काठावर काळी पडली. सकाळी गोराडूवर पाय ठेवला की गार राख तुडवल्यासारखं वाटायचं, आणि पाय काढला तरी गारवा निघायचा नाही. माणसं तुराट्या जाळून बसायची. कोंबड्या पिसं फुगवून एका पायावर उभ्या राहायच्या आणि ऊन दिसेल तिकडं सरकायच्या.

त्यात काबरी आजारली. मान आखडून, डोळे मिटून एका जागी उभी. हिरवी पातळ शीट, चोचीतून लाळ. मी जवळ जाऊन पाहिलं. आमच्या लहानपणी अशीच सुरुवात व्हायची. मी भास्कररावांना म्हणालो, ही मानमोडीची साथ असू शकते, हिला आत्ताच्या आत्ता वेगळी काढा, लांब, दुसरीच्या पाण्यालाही तोंड लावू देऊ नका. त्यांनी ऐकलं. काबरीला उचलून परसाच्या टोकाला पाण्याच्या मोटरच्या खोलीपाशी नेलं, वेताच्या डालग्याखाली ठेवली, वर पोतं टाकलं, वाटीत पाणी दिलं.

त्या दिवशी एकादशी होती. थंडीमुळं कीर्तन दुपारीच ठेवलं होतं. बुवांनी भूतदयेवर निरूपण केलं. आता तुम्हाला काय सांगू, असं कीर्तन मी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. पूर्वरंगातच देऊळ गप्प झालं. शेवटी बुवा म्हणाले, थंडीत कुडकुडणारा जीव तुमच्या दाराशी येईल, तेव्हा त्याची जात विचारू नका, त्याचा उपयोग विचारू नका, आधी त्याला ऊब द्या. देव ऊब मागायलाच येतो. भास्करराव झांजा छातीशी धरून उभे होते. ताल त्यांच्या हातून पहिल्यांदाच सुटलेला मी पाहिला.

देवळातून ते सरळ घरी गेले. दिवस मावळत होता, वारा उठला होता. डालगं उचललं तर काबरी थरथरत होती. पाण्याची वाटी उलटलेली, पोतं वाऱ्यानं सरकलेलं. हात पुढं केले तशी ती आपण होऊन त्यांच्या ओंजळीत सरकली. आणि समोर खुराड्यात बाकीच्या एकमेकींना चिकटून उबेत बसलेल्या.

त्यांनी काबरीला खुराड्यात नेलं. मधोमध, सगळ्यांच्या कुशीत ठेवलं. बाकीच्यांनी जागा करून दिली, असं ते नंतर सांगायचे. वरून गोणपाट ओढलं, फटी बुजवल्या, दार लावलं. वहिनी आत खाटेवर जाग्या होत्या. त्यांना खुणेनं विचारावं हे काही त्यांच्या मनात आलं नाही. मनात काय होतं ते मला पक्कं माहीत आहे, कारण माझ्याही मनात त्या संध्याकाळी तेच होतं. देवळातून येताना आम्ही सगळेच थोडे बरे झालो होतो.

काबरी दोन दिवसांनी गेली. त्यानंतर तांबडी मान टाकायला लागली. मग एक पिल्लांची आई, मग तिची पिल्लं. माना पिरगळायच्या, पाठीवर वळायच्या, कोंबडी स्वतःभोवती गोल फिरायची आणि पडायची. एकीला पुरून यावं तर दुसरी बसलेली. पादऱ्याहून पशुदवाखान्यातला माणूस आला. भला माणूस होता. म्हणाला, आजार आत शिरल्यावर लस टोचून उपयोग नाही, मेलेल्यांवर चुना टाकून खोल पुरा. मग सहज विचारावं तसं विचारलं, पहिली आजारी पडली ती वेगळी ठेवली होती ना?

भास्करराव म्हणाले, "ठेवली होती. मग मी परत आत घातली."

"कशाला?"

"थंडी होती."

तो माणूस उठला. आपली पिशवी आवरली आणि गेला.

परस रिकामं झालं. कोंबडा शेवटी गेला. तो गेला त्या सकाळी फळियात उजाडलं ते कुणी न सांगताच.

भास्कररावांनी परसदार लावून घेतलं. वहिनींना म्हणाले, वारा फार येतो. वहिनींची नजर दारावर. सकाळ झाली की त्या "ती ती" करायच्या आणि ऐकत राहायच्या. बाहेरून काही नाही. भास्करराव सांगायचे, शेतात गेल्यात, तुरीत चरतात. मयंकला कळलं तसा तो धावत आला. पोराला आईसाठी काहीतरी करायचं होतं. त्यानं मोबाइलमध्ये कोंबड्यांचे आवाज शोधून काढले आणि उशीशी लावून ठेवले. पहिल्यांदा वहिनींचे डोळे मोठे झाले. "ती," त्या म्हणाल्या. "ती ती." मयंकनं वडिलांकडं पाहिलं, बघा म्हणून. पण तो कोंबडा तिथंच आरवायचा, तीच कोंबडी तिथंच कुकुचायची, संपलं की पुन्हा पहिल्यापासून. ज्या बाईला खुराड्याबाहेरून नुसत्या कुजबुजीवरून कळायचं की कुणाचा पाय दुखतोय, तिला मोबाइल किती वेळ फसवणार? तिनं डाव्या हातानं तो ढकलून खाली टाकला. मग तोंड भिंतीकडं केलं.

त्या दिवसापासून आवाज बंद. "ती" नाही, "ये" नाही.

असे काही दिवस गेले. मी भास्कररावांना म्हणालो, सांगून टाका. म्हणाले, काय सांगू अण्णा, शब्द तिचा गेला आणि जीभ माझी अडखळते. काशीबेन कुंपणावरून सगळं ऐकत होती. ती त्यांच्यापेक्षा वयानं मोठी. म्हणाली, "भास्करभाई, एनी कोंबडी होती. मेली तर एने सांगायचं. दार बंद करून शोक होतो?"

त्या दुपारी ऊन बरं होतं. आम्ही दोघांनी खाट उचलून परसात आणून ठेवली. खुराडं उघडं, आत राख. कुंपणाच्या काट्यांना पिसं अडकलेली. मोटरच्या खोलीपाशी ताजी उकरलेली, चुन्यानं पांढुरकी झालेली माती. वहिनींनी एकेक सगळं पाहिलं. भास्करराव खाटेशी खाली मातीत बसले.

"मंदे, एक बी ऱ्हायली न्हाई," ते म्हणाले. "काबरी आजारी पडली. वेगळी ठेवली होती. मग मीच तिला बाकीच्यांत नेऊन ठेवली. त्येनं सगळ्या गेल्या. मी मारल्या."

वहिनी त्यांच्याकडं बघत राहिल्या. तोंड हललं. बराच वेळ काही जुळेना. मग आलं.

"का. ब. री."

सबंध नाव. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सबंध नाव.

"तिला थंडी वाजत हुती गं," भास्करराव म्हणाले.

वहिनींनी डावा हात उचलला आणि त्यांच्या खांद्यावर मारला. जोर कुठला असायला, पण मारला. पुन्हा उचलला, पुन्हा मारला. भास्कररावांनी खांदा पुढं केला, तिला पोचावं म्हणून. तिसऱ्यांदा हात पडला तो तसाच राहिला. उचलायची ताकद उरली नव्हती की उचलायचा नव्हता, ते मी सांगू शकत नाही. मी तिथून निघून माझ्या ओट्यावर आलो. काही गोष्टी शेजाऱ्यानं पाहू नयेत.

दुसऱ्या दिवशी काशीबेन आली. समोरच्या दारानं आली, हेच मोठं नवल. हातात शेणाची टोपली, वरून फडकं बांधलेलं, आणि टोपली अंगापासून लांब धरलेली. ओट्यावर ठेवली आणि दोन पावलं मागं सरली. फडकं सोडलं तर आत एक तलंग. अजून अंड्यावर न आलेली, काळी, अंगानं बारीक.

काशीबेन सांगायला लागली, मावठं पडलं तेव्हापासून ही तिच्या गोठ्यात येते. खुराड्यात जायचं सोडून म्हशीच्या पाठीवर चढून बसते, उबेला. तिनं हाकललं, पण थंडी बघून सोडून दिलं. मग वर बाजरी टाकायला लागली. कुणाला सांगितलं नाही, कारण पटेलांच्या गोठ्यात कोंबडी, लोक काय म्हणतील. "भेंस पण कंई बोलली नाही," ती म्हणाली. मग वहिनींकडं बघून, जरा रागावल्यासारखी, "ले तारी मरघी. मारी कोथमीर खाऊन मोठी झाली आहे."

वहिनींनी तलंगेकडं पाहिलं. "ये," म्हणाल्या. तलंग आली नाही. तिला वहिनींपेक्षा म्हैस जवळची झाली होती. पण वहिनी म्हणत राहिल्या. रोज उन्हात खाट बाहेर, रोज ते "ये" आणि "ती". शेवटी शेवटी ती तलंग खाटेखाली सावलीला बसायला लागली.

मला इथं सांगता आलं असतं, की पुढं वहिनी बोलल्या, बऱ्या झाल्या. बुवांनी सांगितली असती तर गोष्ट तशीच वळवली असती, आणि त्यांना शोभलंही असतं. पण तसं झालं नाही. होळीला थोडे दिवस उरले होते. सकाळी भास्करराव चहा घेऊन गेले तर वहिनी गेल्या होत्या. दुसरा झटका. डॉक्टर म्हणाले, हा यायचाच होता, कोंबड्या असत्या तरी आणि नसत्या तरी. भास्कररावांनी हात जोडले आणि म्हणाले, तुम्ही म्हणता तर खरंच असेल. त्यांनी ते मानलं नाही, हे डॉक्टरांनाही कळलं.

नंतरच्या एकादशीला ते देवळात आले ते मागं खांबाशी बसले. झांजा दुसऱ्यानं वाजवल्या. कीर्तन सुटल्यावर मला राहवलं नाही. मी बुवांना गाठून सगळं सांगितलं. विचारलं, बुवा, तुमचं निरूपण चुकलं का? बुवा उपरणं घडी करत होते. हात थांबला. मग म्हणाले, "दया करा म्हटलं, अण्णा. कशी करायची ते सांगायचं राहिलं." त्यानंतर त्यांनी तो विषय आमच्या देवळात लावलेला मला आठवत नाही.

तलंग चैत्रात अंड्यावर आली. तळपदा कोळ्यांच्या वस्तीतला एक कोंबडा कुंपणावरून उडून यायचा, त्याची कृपा. पावसाळ्यात खुडूक बसली आणि पिल्लं निघाली. मयंक दर रविवारी येतो, वडिलांना म्हणतो, चला मांजलपूरला, इथं एकटे काय करता. भास्करराव म्हणतात, कोंबड्या आहेत.

आणि आता या पौषातलं. पुन्हा वारा सुटला, पुन्हा तळपदा वस्तीत कोंबड्या माना टाकायला लागल्या. भास्करराव सकाळी उठून घोंगडी पांघरून घरोघर जायला लागले. प्रत्येक दाराशी तेच सांगायचे: आजारी असेल ती आधी बाहेर काढा, लांब ठेवा, पाणी वेगळं, भांडं वेगळं, रात्री दया आली तरी आत घेऊ नका. एक बाई त्यांना म्हणाली, "दादा, माळ घातलीय नि मन एवढं कठण?" ते "हो" म्हणाले आणि पुढच्या दाराशी गेले.

चार दिवसांनी त्यांच्याच परसात एक पिवळी कोंबडी मान आखडून उभी राहिली. त्यांनी तिला उचललं, दूर बांधाशी एरंडाच्या आडोशाला नेलं, डालग्याखाली ठेवलं. खुराड्याचं दार लावून कडी घातली. मग घरात जाऊन घोंगडी आणली आणि त्या डालग्याशेजारी जमिनीवर बसले.

मी संध्याकाळी दूध घेऊन निघालो तेव्हा ते तिथंच. म्हणालो, भास्करराव, घरात चला, छाती भरेल.

"ती एकटी ऱ्हाईल."

"अहो, कोंबडी आहे ती."

"ठावं आहे मला." मग घोंगडीचं एक टोक त्यांनी डालग्यावर सारखं केलं. "आत घेता येत न्हाई. तर मग मी भायेर बसतो."

मी समजावलं, काशीबेननं कुंपणावरून शिव्या घातल्या, दोन्ही भाषांत. ते हलले नाहीत. काशीबेननं शेवटी पेटत्या गोवऱ्यांची पाटी कुंपणावरून दिली आणि बडबडत आत गेली. उजाडताना मी पाहिलं तर ते उकिडवे बसल्याबसल्या झोपले होते, दाढीवर दव, एक हात डालग्यात. पिवळी मेलेली होती. त्यांनी खड्डा खणला, चुना टाकला, हातपाय धुतले, आणि मग खुराडं उघडलं. बाकीच्या सगळ्या एकामागून एक बाहेर आल्या आणि गार मातीत पाय उकरायला लागल्या. त्यातली एकही आजारी नव्हती, पुढंही पडली नाही.

भास्करराव मात्र महिनाभर खोकत होते. आता बरे आहेत. पहाटे जपाला बसतात. गावातल्या आजाऱ्यांसाठी मागतात, मयंक-अवंतीसाठी मागतात, काशीबेनच्या म्हशीसाठीसुद्धा मागतात, मी ऐकलं आहे. पण मंदावहिनींचं नाव त्यांच्या तोंडून निघत नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाले, कुठल्या तोंडानं घेऊ अण्णा.

म्हणून तुमच्याकडं एक मागणं आहे. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी देवापुढं दिवा लावाल, घरच्यांसाठी, दारच्यांसाठी हात जोडाल, तेव्हा शेवटी एक नाव आपल्या पदरचं घाला. साक्रीकडची मंदावहिनी, एवढंच म्हटलं तरी पोचेल. तिला आठवणीत ठेवा. तिच्या नवऱ्याला अजून जमत नाही.